जनुक चाचणीत टीएनएफचा ‘धोक्याचा’ प्रकार आला, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५२. सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात, अँटी-सीसीपी (या आजारात रक्तात सापडणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं नेहमीचं औषध पूर्ण मात्रेत चालू असूनही बोटांची सूज उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी अँटी-टीएनएफ इंजेक्शन सुचवलं आहे. मधल्या काळात घरच्यांनी एक जनुक चाचणी करून घेतली. तिच्या अहवालात ‘टीएनएफ उणे ३०८ ए, जास्त धोका’ अशी ओळ आली. आता मुलगी विचारते आहे: आईचं जनुक बिघडलेलं आहे का, ते माझ्यातही असेल का, आणि प्रतिकारशक्तीचंच जनुक असेल तर त्याचं काम अडवणं सुरक्षित आहे का?

थेट उत्तर आधी देतो. आईचं टीएनएफ जनुक बिघडलेलं नाही. अहवालातल्या त्या ओळीवरून इंजेक्शन घ्यायचं की नाही हे ठरवू नका, आणि तुमच्या स्वतःच्या भविष्याचा अंदाज तर मुळीच बांधू नका. इंजेक्शनाचा सल्ला मात्र मला योग्य वाटतो. आता हे का म्हणतो ते सांगतो, कारण नुसतं ‘काळजी करू नका’ म्हटल्याने कुणाची काळजी जात नाही.

टीएनएफ म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, शरीरात दाह चेतवणारं एक प्रथिन. या नावाने बराच गोंधळ होतो. १९७५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हा पदार्थ कर्करोगाच्या गाठी मारतो असं दिसलं, म्हणून हे नाव पडलं. दुसरीकडे, दीर्घ संसर्गात प्राणी खंगत का जातात याचा शोध घेणाऱ्यांना ‘कॅकेक्टिन’ नावाचं एक प्रथिन सापडलं होतं. १९८५ च्या सुमारास कळलं की ही दोन्ही प्रथिनं एकच आहेत. सांधे धरलेला रुग्ण ‘अंगात जीवच नाही, भूक मेली आहे, वजन उतरलं आहे’ असं सांगतो तेव्हा मला हे दुसरं नाव आठवतं. आजार फक्त बोटांत नसतो.

हे जनुक प्रत्येक माणसात असतं, सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए जनुकांच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांच्या, दाट वस्तीत. लांबी डीएनएची जेमतेम तीन हजार अक्षरं. त्यातून जे प्रथिन बनतं ते आधी पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं. मग टेस नावाचं एक एन्झाइम कात्रीसारखं ते कापतं आणि सुटलेला तुकडा रक्तात, ऊतींत फिरतो. म्हणजे टीएनएफची दोन रूपं आहेत: पेशीला चिकटलेलं आणि सुटं. दोघांची कामं वेगळी आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रुग्णांकडे वळण्याआधी काही वर्षं मी प्रयोगशाळेत होतो. तिथला एक साधा प्रयोग आजही डोळ्यांसमोर आहे. निरोगी माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्यांच्यावर जिवाणूच्या भिंतीचा अगदी सूक्ष्म अंश टाकायचा. दर तासाला थोडं द्रव काढून एलायझाच्या (रंगावरून प्रथिन मोजायच्या पद्धतीच्या) प्लेटवर तपासायचं. पहिल्या खणात जवळजवळ काहीच नाही. पुढच्या खणांत निळा रंग चढत जातो, आणि शेवटी आम्ल टाकलं की तो पिवळाजर्द होतो. जितका पिवळा गडद, तितका टीएनएफ जास्त. काही तासांत तो शिखर गाठतो आणि मग नवीन टीएनएफ बनणं झपाट्याने ओसरतं. त्याच पेशींना दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अंश दिला तर रंग फिकाच राहतो. पेशी जणू म्हणते, ‘बघितलं आहे हे, आता एवढं ओरडायची गरज नाही.’

निरोगी जनुकाचं वागणं असं असतं. क्षणात पेटतं आणि वेळेत विझतं. यातलं विझणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टीएनएफचा मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेली तात्पुरती प्रत, मुळातच अल्पायुषी ठेवलेला आहे. त्याच्या शेपटाकडे ए आणि यू या अक्षरांची दाटी असते, तिथे ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि तो आरएनए मोडीत काढायला लावतं. १९९९ मध्ये एका प्रयोगात उंदरांच्या टीएनएफ जनुकातला फक्त हा शेपटाकडचा भाग काढून टाकला. प्रथिनाच्या रचनेत एका अक्षराचाही बदल नव्हता, गेला तो फक्त ब्रेक. त्या उंदरांना सांध्यांचा दाह झाला आणि आतड्याला क्रोन्ससारखा आजार झाला. जनुक चांगलं असूनही आजार कसा होतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता अहवालातली ती ओळ. ‘उणे ३०८’ म्हणजे जनुकाचं वाचन जिथे सुरू होतं त्याच्या ३०८ अक्षरं आधीची जागा. तिथे बहुतेकांत जी असतं, काहींत ए असतं. ही जागा जनुकाच्या नियंत्रणाच्या भागात येते, म्हणून १९९० च्या दशकात सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या: ए असेल तर टीएनएफ जास्त बनत असेल आणि दाहाचे आजार जास्त होत असतील. मीही त्या काळात अशा अभ्यासांचे निकाल आतुरतेने वाचत असे. पण चित्र काही जुळलं नाही. काही प्रयोगशाळांत ए असताना टीएनएफ जास्त दिसला, काहींत काहीच फरक दिसला नाही. मुख्य अडचण शेजाऱ्यांची निघाली. हा ए बऱ्याचदा एकटा येत नाही, एचएलएच्या एका ठरावीक संचाबरोबर, ए१-बी८-डीआर३ बरोबर, पिढ्यान्‌पिढ्या जोडीने चालत येतो. त्या संचाचं स्वतःचंच अनेक स्वयंप्रतिकार आजारांशी नातं आहे. आजार दिसला तर दोष शेजाऱ्याचा की याचा, हे वेगळं काढणं फार अवघड होतं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातापुरतं बोलायचं तर या वस्तीतला सर्वांत मोठा वाटा एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा आहे, टीएनएफचा नव्हे.

ए असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात आणि सांधे वाकडे झालेल्या अनेकांमध्ये दोन्ही प्रतींवर जी असतं. औषध निवडण्यासाठी ही चाचणी करा असं कुठलीही मान्य उपचारपद्धती सांगत नाही. अहवालात ‘जास्त धोका’ असं ठळक अक्षरांत छापताना हे सगळं सांगायला हवं होतं. ते न सांगता एखाद्या घराची झोप उडवणं मला चुकीचं वाटतं.

रक्तातला टीएनएफ मोजून घेऊ का, असंही बरेच जण विचारतात. नको. सुटा टीएनएफ रक्तात काही मिनिटंच टिकतो, त्याला पकडून ठेवणारे सुटे रिसेप्टरही (टीएनएफ ज्यांवर जाऊन बसतो ती प्रथिनं) रक्तात फिरत असतात, आणि खरी धामधूम सांध्याच्या आत चाललेली असते. सांधे तापलेले असूनही रक्तातला आकडा साधा येऊ शकतो.

मग आईच्या सांध्यात नक्की काय चाललं आहे? तपासताना मी बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, म्हणजे मुठीची उंचवटलेली गाठ, दोन अंगठ्यांमध्ये हलकेच दाबतो. निरोगी सांध्यात हाडाची कड बोटाला स्पष्ट लागते. दाह असेल तर ती कड हरवते, मधे ओल्या स्पंजसारखं काहीतरी लागतं आणि रुग्ण हात मागे ओढतो. गुडघ्यातून पाणी काढलं तर फरक सिरिंजमध्येच दिसतो. चांगल्या सांध्याचं पाणी स्वच्छ आणि मधासारखं तार धरणारं असतं. दाहाचं पाणी गढूळ असतं, त्याची तार तुटते, थेंब पाण्यासारखा टपकन पडतो, आणि नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं नीट वाचता येत नाहीत. त्या गढूळपणात हजारो पांढऱ्या पेशी असतात.

तो स्पंज म्हणजे सांध्याचं फुगलेलं अस्तर. त्यात मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, ठाण मांडून बसलेले असतात आणि टीएनएफ सोडत राहतात. टीएनएफ रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना चिकट करतो, त्यामुळे वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे थबकतात आणि आत शिरतात. तो अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींना चेतवतो, त्या आयएल-६ (दाहाचा निरोप नेणारं आणखी एक प्रथिन) आणि कूर्चा विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात. आयएल-६ यकृतापर्यंत पोचतं आणि रक्तात सीआरपी, म्हणजे दाह किती आहे हे दाखवणारं प्रथिन, वाढतं. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींनाही टीएनएफ बळ देतो, आणि नवं हाड भरणं दाबून धरतो. म्हणून एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा दिसतात, आणि त्या सहसा भरून येत नाहीत. उशीर करू नका असं मी रुग्णांना कळकळीने सांगतो ते या खाचांमुळे.

दाह घडवणारे पदार्थ तर कितीतरी आहेत, मग एकट्या टीएनएफला अडवून काय साधणार, ही शंका १९८० च्या दशकात तज्ज्ञांनाही होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी भांड्यात वाढवल्या आणि त्यांत टीएनएफविरोधी अँटिबॉडी टाकली. टीएनएफ अडला तसा आयएल-१ हा दाहाचा दुसरा पदार्थ सुद्धा खाली आला. हा शोधनिबंध १९८९ चा. टीएनएफ त्या साखळीच्या वरच्या टोकाला आहे असा त्याचा अर्थ होता. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना ही अँटिबॉडी दिली गेली, आणि वर्षानुवर्षं अडखळत चालणारी माणसं काही आठवड्यांत जिना चढू लागली. तीच अँटिबॉडी आज इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखली जाते. मग इटानरसेप्ट, अडालिमुमॅब, गोलिमुमॅब, सर्टोलिझुमॅब आली. २००३ मध्ये फेल्डमन आणि मैनी यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे: हे अडवणं सुरक्षित आहे का? त्यासाठी टीएनएफ कोणत्या पेशीतून येतो हे पाहावं लागतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका कामात काही उंदरांत फक्त मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलमधलं टीएनएफ जनुक बंद केलं, काहींत फक्त टी पेशींमधलं (न्यूट्रोफिल आणि टी पेशी हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार). जिवाणूच्या विषाने येणाऱ्या शॉकमध्ये घात करणारा टीएनएफ मॅक्रोफेज-न्यूट्रोफिलकडचा होता. पण लिस्टेरिया या जिवाणूचा मोठा संसर्ग झाला तेव्हा टी पेशींकडचा टीएनएफही प्राण वाचवायला लागत होता. जनुक एकच, पण ते कोणत्या पेशीत जागं होतं यावर त्याचं फळ ठरतं. बी पेशींकडचा टीएनएफ तर लिम्फ ग्रंथींची घडी बसवायलाही लागतो. मास्ट पेशी तो तयार करून कणांत साठवूनच ठेवतात, म्हणजे गरज पडली की बनवण्यात वेळ जायला नको.

ऐकणाऱ्या पेशीचंही तसंच. टीएनएफचे रिसेप्टर दोन. पहिला जवळजवळ सगळ्या पेशींवर असतो. त्यातून ‘जग आणि दाह वाढव’ असा निरोप जातो, आणि काही अटी जुळल्या तर ‘मर’ असाही. दुसरा मोजक्या पेशींवर असतो, त्यांत दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी आहेत, आणि त्याला मुख्यतः पेशीला चिकटलेला टीएनएफ जागवतो. म्हणजे टीएनएफ काही ठिकाणी दाह शमवायलाही मदत करतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टीएनएफ अडवून पाहिला तेव्हा, १९९९ च्या चाचणीत, आजाराचे झटके उलट वाढले. म्हणून मज्जासंस्थेचा असा आजार आधी झाला असेल तर आम्ही ही औषधं देत नाही. क्रोन्सच्या आजारात इन्फ्लिक्सिमॅब उत्तम चालतं, पण सुटा टीएनएफ पकडणारं इटानरसेप्ट चालत नाही, आणि सांध्यांच्या आजारात मात्र दोन्ही चालतात. यामागे चिकटलेल्या टीएनएफशी त्यांचं वेगवेगळं वागणं हे एक प्रमुख कारण मानलं जातं.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ‘जनुक बिघडणं’ म्हणजे खरोखर काय हे त्यातून कळतं. ट्रॅप्स नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, त्याचं जनुक १९९९ मध्ये सापडलं. त्यात पहिल्या रिसेप्टरच्याच जनुकात दोष असतो, आणि आठवडे-आठवडे ताप, पोटदुखी, अंगावर सरकत जाणारा लाल चट्टा असे झटके येतात. टीएनएफच्या वाटेतलाच दोष, म्हणजे टीएनएफ अडवला की झालं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात यात आयएल-१ अडवणारी औषधं जास्त गुण देतात आणि इन्फ्लिक्सिमॅबने काहींचा आजार बळावला आहे. उलट एडीए२ या एन्झाइमच्या कमतरतेत टीएनएफ जनुकाला धक्काही लागलेला नसतो, तरी अँटी-टीएनएफ औषध ही कमतरता असलेल्या मुलांना पक्षाघातापासून वाचवतं. म्हणून जनुकाच्या अहवालाकडे बघून औषध ठरवू नये, आजाराकडे बघून ठरवावं.

आता क्षयरोगाबद्दल. हा भाग घाईने वाचू नका. क्षयाचे जंतू शरीरात शिरले की पुष्कळदा ते मरत नाहीत, मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कडं करून त्यांना कोंडून ठेवतात. त्या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ते कडं शाबूत ठेवायला टीएनएफ लागतो. टीएनएफ अडवला की कोंडलेला जंतू सुटू शकतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर झालेल्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना पहिल्या तीन मात्रांच्या आतच त्रास सुरू झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांत क्षय फुप्फुसाबाहेर होता. म्हणजे नेहमीच्या खोकल्याची वाट पाहत बसलं तर निदान हुकतं. तेव्हापासून इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय ओळखणारी ट्यूबरक्युलिन (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी हा नियमच झाला. आई स्टिरॉइड घेत असेल तर या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांना ती मात्रा आवर्जून सांगा. घरात कुणाला कधी क्षय झाला होता का, तेही सांगा, तीस वर्षांपूर्वीचं असलं तरी. सुप्त क्षय निघाला तर त्याचे उपचार आधी सुरू करतात, साधारण महिनाभराने इंजेक्शन देता येतं. हिपॅटायटिस बी तपासणंही तितकंच गरजेचं. हृदय बरंच कमजोर असेल तर ही औषधं टाळतात. उपचार चालू असताना जिवंत जंतूंची लस घेत नाहीत.

हे सगळं वाचून घाबरू नका. टीएनएफ अडवला म्हणजे प्रतिकारशक्ती बंद पडली असं होत नाही. अँटिबॉडी, टी पेशी, इंटरफेरॉन, इतर डझनभर सायटोकाइन (पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं) आपापलं काम करत राहतात. संसर्गाचा धोका वाढतो, तो मुख्यतः ठरावीक प्रकारच्या जंतूंचा, आणि बराचसा आधीच्या तपासण्यांनी टाळता येतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा: वर्षानुवर्षं धुमसणारा दाह हाडं तर खातोच, हृदयविकाराचा धोकाही वाढवतो, आणि तो दाबायला स्टिरॉइड घेत राहिलं तर संसर्ग त्यानेही वाढतात.

मेथोट्रेक्सेट बंद करू का, असा प्रश्न पुढे येईलच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. अँटी-टीएनएफ औषधं स्वतः प्रथिनं आहेत, शरीर कधीकधी त्यांच्याचविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि चांगला चाललेला गुण हळूहळू उतरतो. मेथोट्रेक्सेट सोबत असेल तर हे कमी होतं. क्रोन्सच्या रुग्णांमध्ये एचएलए-डीक्यूए१*०५ हा प्रकार असलेल्यांत अशा अँटिबॉडी जास्त होतात असं २०२० मध्ये दिसलं. म्हणजे जनुकांतून औषधाबद्दल उपयोगी काही कळूच शकत नाही असं नाही, पण ते उणे ३०८ मध्ये नाही.

तुमच्याबद्दल. आईकडून तो ए तुम्हाला मिळाला असण्याची शक्यता निम्मी किंवा अधिक, आणि त्याने काही ठरत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा बराच आहे हे खरं, तरी एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांत एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्केच असतं. सर्वसाधारण लोकांत हा आजार शंभरात फार तर एकाला होतो. मुलांमध्ये ती शक्यता तिप्पट धरली तरी शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना तो होत नाही. तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धूम्रपान न करणं, विशेषतः आईची अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असल्यामुळे. पुढे कधी सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडत असतील आणि हे सहा आठवडे टिकलं, तर मात्र जनुक चाचणी न करता थेट सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा.

इंजेक्शन सुरू झाल्यावर बारा आठवडे नीट मोजा. सकाळची आखड किती मिनिटं टिकते, किती सांधे सुजले आहेत, सीआरपी किती, हे दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांत फरक पडायला लागतो, नाही पडला तर आयएल-६ अडवणारी, टी पेशींचा चेतवणारा संकेत रोखणारी किंवा जॅक (पेशीच्या आत दाहाचा निरोप पोचवणारी एन्झाइम्स) रोखणारी औषधं आहेत, त्यामुळे हा शेवटचा पर्याय समजून धास्तावू नका. अंगावर सोरायसिससारखे खवले उठले तर तेही कळवा, टीएनएफ अडवल्यावर काहींत इंटरफेरॉनचा लगाम सुटून असं होतं. आणि ताप आला, दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, रात्री घाम येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं, तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, मात्रा घेतल्यानंतर नव्हे.